२०१३ : हादऱ्यांचं वर्ष आणि गावाकडच्या भिंती

 

आज मी तुमच्याशी २०१३ सालाबद्दल बोलणार आहे. त्या वर्षी तुम्ही इथं राहत असाल, तर एप्रिल महिन्यातला तो मंगळवार तुम्हाला आठवत असेलच. खरं म्हणजे एक नाही, दोन मंगळवार.

पहिला ९ एप्रिलचा. दुपारी चारच्या सुमाराला इराणच्या बुशेहर प्रांतात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ च्या आसपास होती. तिथं तीसहून अधिक माणसं गेली आणि किनाऱ्याजवळची खेडी उद्ध्वस्त झाली. आखाताच्या या बाजूलाही हादरा जाणवला. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १६ एप्रिलला, दुपारी पावणेतीनला दुसरा भूकंप झाला. इराण-पाकिस्तानच्या सीमेवर सरावान आणि खाशच्या भागात, तीव्रता ७.७. आपल्यापासून तो भाग सुमारे साडेसातशे किलोमीटरवर आहे. तरीही दुबईतल्या उंच इमारतींमधून माणसं भराभर खाली उतरून रस्त्यावर आली. हादरा दिल्लीपर्यंत पोचला होता.

आपल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या इमारती बुटक्या. दुरून येणाऱ्या भूकंपाच्या लाटा संथ, लांब झोके देणाऱ्या असतात, आणि त्या उंच इमारतींना जास्त हलवतात. म्हणून मरीनातल्या तिसाव्या मजल्यावरच्या माणसाला जे जाणवलं, ते आपल्याला तितकं जाणवलं नाही. पण मला जाणवलं. मुलगी तेव्हा पहिलीत होती, नुकतीच शाळेतून आली होती. टेबलावरच्या बाटलीतलं पाणी हलताना दिसलं, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते थेट खालच्या हिरवळीवरचं. मी अनवाणी उभी होते, मुलगी कडेवर होती. घराचं दार वर सताड उघडं होतं आणि गॅसवर आमटी तशीच होती.

शेजारची फिलिपिनो बाई माझ्या पाठोपाठ सावकाश खाली आली. तिनं पायात चपला घातल्या होत्या, खांद्याला पर्स होती, आणि गॅस बंद करून आली होती. ती मला म्हणाली, "जिना हलत असताना धावायचं नसतं. आम्हाला शाळेत शिकवतात." मी काहीच बोलले नाही. मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या रात्रीनं.

मी उमरगा तालुक्यातली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सातवीत होते. गणपती विसर्जन करून गाव नुकतं झोपलं होतं. पहाटे चारला पाच-सात मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचं गाव सगळंच्या सगळं पडलं नाही, पण आमच्या वाड्याची पुढची खोली पडली. त्या खोलीत आजी झोपली होती. आम्ही भावंडं मागच्या सोप्यात होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून माझ्या अंगात एकच गोष्ट भिनलेली आहे. हललं की पळायचं.

श्रोतेहो, सरकारी आकड्याप्रमाणं त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसं गेली. काही नोंदी हा आकडा दहा हजारांच्या जवळ नेतात. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुरती जमीनदोस्त झाली आणि नव्या जागी वसवावी लागली. आणि त्या भूकंपाची तीव्रता किती होती? ६.२.

हा आकडा मनात ठेवा आणि माझ्याबरोबर पुन्हा २०१३ मध्ये या. कारण त्या एका वर्षानं जगभर जे दाखवलं, त्यात आपल्या आजीच्या खोलीचं उत्तर आहे.

त्या वर्षीचा सगळ्यात मोठा भूकंप २४ मे रोजी रशियाच्या पूर्व टोकाला, ओखोट्स्क समुद्राखाली झाला. तीव्रता ८.३. तीव्रतेचा आकडा एकानं वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबानं हा भूकंप किल्लारीपेक्षा हजारपटीहून जास्त ताकदीचा होता. सहा हजारांहून अधिक किलोमीटर दूर मॉस्कोमध्येही तो लोकांना जाणवला. आणि त्यात माणसं किती गेली? एकही नाही. कारण तो जमिनीच्या पोटात सुमारे सहाशे किलोमीटर खोल झाला होता. वर येईपर्यंत त्याचा जोर पसरून गेला.

आता बलुचिस्तानकडे बघा. एप्रिलचा तो सीमेवरचा भूकंप ७.७ चा. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पाकिस्तानच्या आवारान जिल्ह्यात आणखी एक भूकंप झाला, त्याचीही तीव्रता ७.७. आकडा तोच आणि मुलूखही जवळपास तोच. पहिल्यात, दोन्ही देश मिळून, चाळीसच्या आसपास माणसं गेली. दुसऱ्यात आठशेहून अधिक. पहिला सुमारे ८० किलोमीटर खोल होता आणि विरळ वस्तीखाली होता. दुसरा जमिनीपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर होता, आणि वर मातीची घरं होती. त्या दिवशी ग्वादरजवळच्या समुद्रातून चिखलाचं एक बेटच वर आलं. जमिनीखालच्या वायूनं चिखल वर ढकलला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या बेटाचे फोटो छापले. पुढं काही वर्षांत लाटांनी ते बेट झिजवून पाण्याखाली नेलं. आवारानमधल्या पडलेल्या भिंतींचे फोटो मात्र फारसे कुणी पाहिले नाहीत.

१५ ऑक्टोबरला फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर ७.२ चा भूकंप झाला. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. दोनशेहून अधिक माणसं गेली. शेकडो वर्षं उभी असलेली प्रवाळ दगडाची चर्च कोसळली. त्या दिवशी ईदची सुट्टी होती, शाळा बंद होत्या. नाहीतर काय झालं असतं, हे माझ्या शेजारणीनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तिचं माहेर शेजारच्या सेबू बेटावर होतं. दोन दिवस ती फोन हातातून खाली ठेवत नव्हती. तेव्हा मी तिच्या घरी जेवण नेऊन देत होते.

चीनमध्ये २० एप्रिलला सिचुआन प्रांतातल्या लुशानला सुमारे दोनशे माणसं गेली. जुलैमध्ये गान्सू प्रांतात ६ पेक्षाही कमी तीव्रतेच्या भूकंपानं नव्वदहून अधिक बळी घेतले. फेब्रुवारीत सॉलोमन बेटांजवळ ८ तीव्रतेचा भूकंप होऊन समुद्राच्या लाटा गावात शिरल्या, तिथं गेलेली माणसं दहाच्या आसपास.

हे सगळे आकडे एका ओळीत मांडून पाहिलेत तर एक गोष्ट लगेच दिसते. तीव्रतेवरून माणसं किती गेली ते कळत नाही. भूकंप किती खोल आहे, वेळ कुठली आहे, आणि डोक्यावरचं छप्पर कशावर उभं आहे, यावर ते ठरतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी आहे.

आपल्या मराठवाड्यातल्या जुन्या घराची भिंत आठवा. दोन-अडीच फूट जाडीची, दगडमातीची. बाहेरून इतकी भक्कम दिसते की तोफेनंही पडणार नाही असं वाटावं. पण आत बघितलं तर ती एक भिंत नसते. आतला एक थर, बाहेरचा एक थर, आणि मधे मातीदगडांची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हतेच. जमीन हलली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि फुटते. वर माळवद. लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या असंच बांधत आलो. त्यात आपली चूक म्हणावी असं काही नव्हतं, कारण आपला भाग स्थिर समजला जायचा. भूकंपाच्या नकाशात लातूर तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीला धक्के बसले होते, लोक घाबरले होते, पण घरं तीच राहिली. भूकंपानंतर नकाशा बदलला. २००२ मध्ये लातूर तिसऱ्या पट्ट्यात आलं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही इथं दुबईत. आम्हाला माळवदाचं काय? तर ऐका.

दोन वर्षांपूर्वी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, मागच्या सोप्याच्या भिंती चांगल्या आहेत. त्याच्यावरच स्लॅब टाकू. नव्या भिंतींचा खर्च वाचतो. तू तेवढे पैसे पाठव." मी हो म्हणाले. फोन ठेवला, आणि रात्री झोप लागली नाही. त्या भिंतींनी आम्हाला १९९३ मध्ये वाचवलं, म्हणून त्या चांगल्या असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या नशिबानं उभ्या राहिल्या होत्या. आजीची खोली त्याच दगडाची, त्याच मातीची, त्याच गवंड्याच्या हातची होती. आणि आता मी माझ्या पगारातून त्यांच्यावर सिमेंटचं ओझं ठेवायला निघाले होते, भावाच्या लेकरांच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला आणि सांगितलं, इंजिनिअरला भिंती दाखवल्याशिवाय पैसे येणार नाहीत. तो रागावला. म्हणाला, दुबईत राहून तुला भारी कळायला लागलंय. महिनाभर बोलला नाही. मग एके दिवशी स्वतःच फोन करून म्हणाला, "ताई, साहेब येऊन गेले. त्यांनी भिंतीत पहार घातली, तर हातभर आत गेली." पुढं तो काही बोलला नाही, मीही नाही. त्या भिंती उतरवल्या. नवं घर लहान झालं, एक खोली कमी झाली, पण पायापासून नीट झालं.

या वस्तीतून दर महिन्याला किती घरांचे पैसे गावी जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून पैसे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर, आणि छपराखाली, असे सळईचे काँक्रीट पट्टे सगळ्या भिंतींतून सलग फिरवले आहेत का? कोपऱ्यांत उभ्या सळया आहेत का? दगडी भिंत असेल तर आरपार दगड घातले आहेत का? आणि जुन्या भिंतीवर नवं वजन टाकायचं असेल, तर कुणा जाणकारानं ती तपासली आहे का? या गोष्टींचा खर्च घराच्या एकूण खर्चापुढं थोडा असतो. पट्टा म्हणजे घराला कमरेला बांधलेला करदोडा समजा. भिंती चारी बाजूंनी एकत्र हलतात, सुट्या होत नाहीत.

आता इथलं. अरबी भूभाग दरवर्षी दोन-अडीच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि इराणला रेटतो. झाग्रोस पर्वत त्यातूनच उभा राहिला. तेव्हा पलीकडं भूकंप होत राहणार, आणि कधीतरी आपल्याला पुन्हा हादरा जाणवणार. कधी, ते कुणालाही सांगता येत नाही. २०१३ च्या त्या संध्याकाळी फोनवर निरोप फिरत होता, की रात्री मोठा धक्का येणार आहे. आम्ही अर्धी रात्र हिरवळीवर चटई टाकून बसलो. काही आलं नाही. तारीख-वेळ सांगणारा निरोप आला, तर तो पुढं पाठवू नका.

हलायला लागलं तर पळू नका. मजबूत टेबलाखाली जा, डोकं आणि मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. पलंगावर असाल तर तिथंच उशी डोक्यावर घ्या. काचेपासून आणि उंच कपाटापासून लांब राहा. थांबल्यावर गॅस बंद करा, पायात काहीतरी घाला, जिन्यानं उतरा, लिफ्ट नको. कुणी जखमी असेल तर रुग्णवाहिकेचा नंबर ९९८, आगीसाठी ९९७, पोलिसांसाठी ९९९. पासपोर्ट, एमिरेट्स आयडीची प्रत, औषधं आणि पाण्याच्या दोन बाटल्या एका पिशवीत दाराजवळ ठेवा. उन्हाळ्यात खाली तासभर उभं राहावं लागलं, तर पाणी सगळ्यात आधी लागेल.

आणि घरच्या सगळ्यांना जमायची एक जागा आजच ठरवा. आमची ठरलेली आहे. समोरच्या हिरवळीवरचं तिसरं झाड. माझी मुलगी आता कॉलेजला जाते. मागच्या सुट्टीत आम्ही घरी सराव केला, तेव्हा मी सवयीनं दाराकडे धावले. तिनं माझा हात धरून मला टेबलाखाली ओढलं आणि म्हणाली, "आई, तू अजून पळतेसच."

आज रात्री जेवताना घरात एकदा हे बोला. उद्या गावी फोन कराल तेव्हा भिंतींची चौकशी करा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.