ठोके मोजणारं यंत्र निवडताना



कवीला काळजाविषयी विचारावं, पण काळजाचे ठोके मोजणारं यंत्र कोणतं घ्यावं हे त्याला विचारू नये, असं आपल्याला वाटेल. पण पन्नाशीनंतर पुन्हा सायकल हाती घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतोच. मुलगा किंवा सून वाढदिवसाला घड्याळ आणून देते. त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि एक आकडा दिसतो. त्या आकड्यावर किती विसंबावं, एवढाच आजचा विषय आहे.

वैद्य नाडी पाहतात, हकीम नब्ज पाहतात. शब्द दोन, मनगट एकच. इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात नाडीचं सविस्तर विवेचन आहे. पण तो सगळा अनुभवी बोटांचा मामला होता. मिनिटाला नेमके किती ठोके, हे मोजण्यासाठी जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने एक मिनिट चालणारं घड्याळ वापरलं आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे फिनलंडमध्ये १९७७ साली पोलर ही कंपनी निघाली. तिने १९८२ मध्ये अंगावर बाळगता येणारा बिनतारी हार्ट रेट मॉनिटर आणला. छातीला पट्टा आणि मनगटावर घड्याळ, अशी ती जोडी होती.

आज बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली छातीच्या पट्ट्याची. हृदय आकुंचन पावतं तेव्हा विजेचा बारीकसा संकेत निर्माण होतो. पट्टा तो त्वचेवरून टिपतो. ईसीजीचं तत्त्व हेच. दुसरी जात मनगटी घड्याळाची. ते वीज मोजत नाही, प्रकाश मोजतं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्या बदलावरून घड्याळ ठोक्यांचा हिशेब बांधतं. म्हणजे पट्टा हृदयाचा संकेत थेट ऐकतो आणि घड्याळ अंदाज बांधतं. अंदाज पुष्कळदा बरोबर येतो, पण तो अंदाजच.

याचा अर्थ मला साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात नीट कळला. आमच्याबरोबर एक निवृत्त गुरुजी असतात. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि व्यायाम करताना ठोके १२०च्या वर जाऊ देऊ नका, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. चढावर गुरुजींना धाप लागली होती. घड्याळ मात्र ९६ दाखवत होतं. ते म्हणाले, “अजून बराच वाव आहे, चला.” मी म्हटलं, “गुरुजी, जरा उतरा आणि मनगटाला बोटं लावा.” पंधरा सेकंदांत तेहतीस ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १३२. गुरुजी घड्याळाकडे पाहत म्हणाले, “मग हे काय मोजतंय हो?”

प्रश्न रास्त होता. सायकलवर आपण हँडल घट्ट धरतो, मनगट वाकतं, रस्त्यावरचे खड्डे हाताला हिसके देतात. थंडीत कातडीकडे जाणारं रक्त कमी होतं. घड्याळ सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. मनगटावर गोंदलेलं असेल तर प्रकाश अडतो. अशा गडबडीत घड्याळ चुकतं आणि चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे दाखवतं.

२०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी साठ जणांवर सात मनगटी यंत्रं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत बहुतेक यंत्रं बरी निघाली आणि खोलीतल्या स्थिर सायकलवर तर सर्वांत कमी चुकली. पण तिथे ना खड्डे असतात ना घाट. सावळ्या त्वचेवर आणि स्थूल व्यक्तींच्या बाबतीत चूक जास्त आढळली, ही आपण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. खर्च झालेल्या कॅलरी मात्र एकाही यंत्राला धड सांगता आल्या नाहीत. सर्वांत चांगल्या यंत्राची चूकही सरासरी २७ टक्के होती. तेव्हा घड्याळाने सांगितलेल्या कॅलरींच्या भरवशावर जिलेबी मागवू नये.

मग घ्यावं काय? रोजचं फिरणं किंवा घरातला हलका व्यायाम असेल, तर मनगटी घड्याळ पुरतं. ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधावं. रस्त्यावर, चढावर सायकल चालवायची असेल किंवा डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली असेल, तर छातीचा पट्टा घ्यावा. पट्टा काचत असेल तर दंडावर बांधायचा प्रकाशाचा सेन्सर हा मधला मार्ग आहे. तिथे मनगटापेक्षा हालचाल कमी असते. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

पट्टा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो ब्लूटूथ आणि अँट प्लस या दोन्ही पद्धतींनी संदेश देतो का, म्हणजे मोबाइल आणि सायकलवरचा मीटर दोन्हींना चालेल. सेल घरी बदलता येतो का. आणि कापडी पट्टा सुटा धुता येतो व वेगळा विकत मिळतो का, कारण घामाने आधी तोच खराब होतो. वापरण्यापूर्वी पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करावी. कोरडा पट्टा सुरुवातीला भलतेच आकडे दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो.

विकत घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच परीक्षा घ्यावी. एकदा शांत बसून, एकदा सपाट रस्त्यावर आणि एकदा चढावर. थांबल्याबरोबर पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणावं. उशीर करू नये, ठोके भराभर उतरतात. चार-पाच ठोक्यांचा फरक चालेल. वीस-तीसचा फरक वारंवार येत असेल तर यंत्र परत करावं.

आता आकड्याच्या अर्थाविषयी. २२० मधून वय वजा करा, ती तुमच्या ठोक्यांची कमाल मर्यादा, हे सूत्र सगळीकडे दिसतं. ती ढोबळ सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांचे ठोके तर गोळीच दाबून ठेवते. त्यांना हे सूत्र लागू पडत नाही. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

आणि ज्यांच्याकडे कोणतंच यंत्र नाही, त्यांच्यासाठी डॉक्टरही सांगतात अशी एक बिनपैशाची कसोटी आहे. व्यायाम करताना बोलता येतं पण गाता येत नाही, तर तो मध्यम व्यायाम. दोन शब्दांतच दम लागतो, तर तो जोराचा. यंत्र काहीही म्हणो, छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा डावा हात भरून आला, तर सायकलवरून उतरायचं आणि मदत मागायची. त्या वेळी घड्याळातला आकडा पाहत बसू नये.

गुरुजींनी आता पट्टा घेतला आहे. आकडा ११५ झाला की ते पाय टेकतात आणि आम्हीही थांबतो. घाट थोडा उशिरा चढून होतो, इतकंच.