चाकांवरचं घर

अमेरिकेत निवृत्तीनंतर राहतं घर विकून मोटारघरात संसार थाटणारी बरीच जोडपी आहेत. थंडीत त्यांतली कितीतरी ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्कामाला येतात. तिथं क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या सरकारी जमिनीवर परवाना काढून 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहता येतं. जागेवर वीज नाही, नळ नाही. छतावरचं सौर पॅनेल आणि टाकीतलं पाणी यांवर भागवायचं. अंघोळीत अंग ओलं झालं की शॉवर बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू.

नकोसं, पण न टळणारं काम म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करणं. हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची. आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची. म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते.

आणि टपाल? टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनचा 'एस्केपीज' क्लब सभासदांची पत्रं घेऊन सभासद असतील तिथं ती पाठवतो. उतारवयात ही सोय मला फार मोलाची वाटते.

अशा भटकंतीत आणखी एक सोय कामी येते: 62 वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास 80 डॉलरना मिळतो. तुमचं कुणी तिकडे स्थायिक असेल, तर त्यांना तो जरूर काढायला सांगा.