हातात आहे ते कागदावरही यावे

(इस्लापूर येथे पालक, पाळक व मंडळी यांच्या सभेत केलेले भाषण)



आज उपासनेत ढोलक वाजवणारा मुलगा आपल्या वसतिगृहातला आहे, सातवीत शिकतो. त्याला केरवा कोणी शिकवला नाही. आपल्या किनवट भागातल्या गोंड, परधान, कोलाम, आंध घरांत ताल लेकरांच्या कानावर लहानपणापासूनच असतो. परधानांची किंगरी आहे, दिवाळीतली दंडारी आहे. शेजारच्या तेलंगणातल्या मार्लवाईच्या कनक राजूंना गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा आपल्या मुलांना संगीत 'द्यायचे' आहे असे कोणी म्हणू नये. ते त्यांच्याकडे आहेच.

मग अडते कुठे? आपल्याच एका मुलाचे सांगतो. बारावीनंतर त्याला संगीत घेऊन बी.ए. करायचे होते. शहरातल्या एका कॉलेजात तो चाचणीला गेला. गायला छान. मग विचारले, या रागाचा थाट कोणता? केरव्यात खाली कितव्या मात्रेवर? ठेका दुगुनीत लिहून दाखव. दहा वर्षे केरवा वाजवणारा मुलगा गप्प उभा राहिला. आज तो हैदराबादकडे बांधकामावर आहे.

त्या प्रश्नात अवघड काय होते? केरव्याच्या मात्रा ८, चार-चारचे दोन भाग, पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्यावर खाली. त्याचा हात पाचव्या मात्रेला आपोआप हलका पडत होताच, फक्त त्याचे नाव त्याला ठाऊक नव्हते. नाव आणि लिहिण्याची रीत, शास्त्र म्हणतात ते बरेचसे एवढेच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, ही भातखंड्यांची स्वरलिपी. पंडित भातखंडे वकील होते. त्यांनी घराण्याघराण्यांतल्या चिजा जमवल्या, राग १० थाटांत लावले आणि ते मराठीत लिहिले. म्हणजे या विषयाची मोठी पुस्तके मूळ आपल्याच भाषेत आहेत. इंग्रजी येत नाही, ही अडचण इथे नाही.

पण हे बारावीनंतर महिनाभरात होत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीने आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, पुढे विशारद. वर्षाला एक धरली तर आठवीत सुरू केलेले मूल बारावीला मध्यमा पूर्ण होते. मी मात्र सातवीत सुरू करा म्हणेन. लेखी पेपर प्रवेशिका पूर्णपासून लागतो. आठवीत सुरुवात केली तर तो नेमका दहावीच्या वर्षात येतो, आणि मग पालक आधी पेटी बंद करतात. दहावीच्या बोर्डात शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी वाढीव गुणांची सवलत आहे. तिचा प्रस्ताव शाळेतूनच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा. पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित कलांचे संकुल आहे. इस्लापूरहून नांदेड काही परदेश नाही.

काही बाप विचारतात, गाण्याने पोट भरते का? खरे सांगायचे तर खात्री नाही. संगीत शिक्षकाच्या जागा थोड्या असतात. म्हणून गणित-विज्ञान सोडून गाणे करा असे मी कुणाला सांगत नाही. पण ज्याला तेच करायचे आहे त्याने निदान दारात अडून परत येऊ नये.

काही वडीलधाऱ्यांना शंका आहे की राग-थाट आपल्या मंडळीत कशाला? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली आणि आपण ती आजही गातो. शास्त्रात पाहायचे तर १ इतिहास, अध्याय २५ वाचा. मंदिराच्या सेवेत गायनात शिकून तयार झालेले २८८ जण मोजलेले आहेत, आणि चिठ्ठ्या टाकताना गुरू-शिष्य असा भेद केला नाही.

मला काळजी दुसरीच वाटते. परीक्षा देऊ लागलेले मूल घरी येऊन आजीला म्हणेल, तुझे गाणे कोणत्याच रागात बसत नाही. तसे होऊ देऊ नका. १० थाट रागांसाठी केले आहेत, गोंडी गाण्यांचे माप घेण्यासाठी नाहीत. म्हणून आपल्या शनिवारच्या वर्गात मुलांना एक काम ठेवले आहे: घरातले एक गाणे ऐकायचे आणि त्याच स्वरलिपीत उतरवायचे. मागच्या महिन्यात एका मुलीने आजीचे लग्नातले गाणे लिहून आणले. दोन ठिकाणी स्वर तिच्या लिपीत सापडेना, तिथे तिने प्रश्नचिन्ह टाकले. शिक्षकांनाही ते सांगता आले नाही. मला ती वही फार आवडली.

आता गरजेचे. वसतिगृहातल्या पेटीचे दोन स्वर वाजत नाहीत, भाता फाटला आहे. तबल्याची जोडी नाही, ढोलकवरच शिकवतो. परीक्षेची फी आणि केंद्रापर्यंतचे भाडे या सत्रात ६ मुलांचे लागेल. मंडळीतल्या ज्यांच्या घरी जुनी पेटी पडून आहे त्यांनी ती द्यावी, दुरुस्ती आम्ही करून घेऊ. फॉर्म माझ्या पिशवीत आहेत. पालकांनी सही केल्याशिवाय जेवायला बसू नये, पाळकसाहेबांनीच तसे सांगितले आहे.