घागरीशिवाय पाण्याला

आमच्याकडे लातूर-नांदेडच्या बाजूला एखाद्या घरी जाऊन बाईमाणसाची चौकशी केली, की उत्तर यायचं, ‘पाण्याला गेलीय.’ कुठं आणि कशाला, हे विचारायची गरज नसायची. पाण्याला जाणं म्हणजे काम. डोक्यावर दोन, कमरेवर एक. पाण्याला जाऊन कुणी नुसतं बसून आलं, रिकाम्या हातानं आलं आणि तरी खुशीत आलं, हे वाक्य आमच्या बोलीत बसत नाही. म्हणूनच मुंबईच्या समुद्राकाठी संध्याकाळी हजारो माणसं बसलेली पाहिली, की मला अजूनही नवल वाटतं. ही सगळी माणसं पाण्याला आलेली असतात आणि एकाच्याही जवळ घागर नसते.

श्रोतेहो, आज मला त्या समुद्राकाठच्या बागांबद्दल आणि कट्ट्यांबद्दल बोलायचं आहे. लातूरच्या माणसानं समुद्राबद्दल बोलावं याचं कुणाला हसू येईल. येऊ द्या. ज्यांच्या दारात समुद्र आहे ते त्याच्याकडे पाठ करून मोबाइल बघत बसतात, हेही मी पाहिलेलं आहे.

मराठीत रिकाम्या वेळेसाठी शब्दांना तोटा नाही. सवड, उसंत, विसावा, विरंगुळा, फावला वेळ. एकेक शब्द असा, की उच्चारला तरी पाय पसरावेसे वाटतात. पण त्या वेळात बसणाऱ्या माणसासाठी आपण शब्द ठेवला आहे तो ‘रिकामटेकडा’. बाईच्या बाबतीत तर तोही नाही, कारण बाई रिकामी असू शकते हेच भाषेला मान्य नसावं. तिच्या विसाव्याची एकच जागा भाषेनं राखून ठेवली होती, ती म्हणजे पाणवठा. आडावर, बारवेच्या पायऱ्यांवर, नदीच्या खडकावर कामाच्या आडून बायका घटकाभर बसायच्या. सासूची गाऱ्हाणी तिथंच, माहेरची खबर तिथंच. घागर भरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागला, तरी कुणी बोलू शकायचं नाही. आमच्या वाड्यातल्या बायका तर मुद्दाम एकाच वेळी निघायच्या. त्यात आमच्या अम्मीसारख्या मुसलमानांच्या होत्या, लिंगायतांच्या होत्या, मराठ्यांच्या होत्या. पण प्रत्येक वस्तीला त्या आडाची पायरी मोकळी नव्हती. पाणवठ्याचं गोड गोड वर्णन करणाऱ्या आम्हा कवींनी हे विसरू नये.

पुढं नळ आला, मग नळाचा वार आला, मग टँकर आला. पाणवठ्याचा विसावा गेला आणि भांडण तेवढं उरलं. 2016 चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लागली. पाचपेक्षा जास्त माणसांनी टाकीपाशी जमायचं नाही, असा आदेश होता. टँकर भरताना मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तो काढला होता. मी त्याला नावं ठेवत नाही. पण माणूस ज्या पाण्याभोवती जमायला शिकला, त्याच पाण्याभोवती जमण्याला बंदी, हे वाचताना मन चरकलं होतं. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. 10 डबे, 5 लाख लिटर. नंतर ती 50 डब्यांची झाली, एका खेपेला 25 लाख लिटर. ती गाडी जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेनं आली. लोकांनी वर्षानुवर्षं मागणी करून तो मार्ग रुंद करून घेतला नसता, तर त्या चिमुकल्या रुळांवरून पाणी कसं आलं असतं, कोण जाणे.

त्याच वर्षी मे महिन्यात मी अम्मीला घेऊन मुंबईला गेलो. परळच्या एका रुग्णालयात तिच्या तपासण्या होत्या. मराठवाड्यातल्या अर्ध्या लोकांची मुंबई अशीच सुरू होते, एक तर दवाखाना नाही तर मंत्रालय. नागपाड्याला खालाच्या मुलाच्या खोलीत उतरलो. तपासण्या झाल्या आणि रिपोर्टला दोन दिवस लागतील असं कळलं. अम्मीच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात दोन दिवस काहीच करायचं नाही, अशी वेळ पहिल्यांदाच आली असावी. खालाच्या सुनेनं तर तिला भांड्यालासुद्धा हात लावू दिला नाही.

संध्याकाळी आम्ही मलबार हिलवर गेलो. एका बाजूला फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे हँगिंग गार्डन, आणि समोर कमला नेहरू पार्क. आमच्या पिढीच्या मुलांनी मुंबई पाहिली म्हणजे काय पाहिलं, तर म्हातारीचा बूट. तो बूट याच पार्कात आहे. हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून हत्ती, उंट, बैल केलेले आहेत. एक माळी पाइपनं अशाच एका हत्तीवर पाणी मारत होता. अम्मी थबकली. ‘हाथी कू पानी पिला रा,’ ती म्हणाली. त्यात राग नव्हता, पण तिची नजर पाइपाच्या तोंडावरून हलेना.

ही बाग 1880 च्या दशकापासूनची आहे आणि तिचं खरं काम वर नाही, खाली आहे. हिच्या पोटात पिण्याच्या पाण्याचा मोठा जलाशय आहे. दक्षिण मुंबईला इथून पाणी जातं. वरचं पाणी झाकलेलं आणि स्वच्छ राहावं म्हणून त्यावर बाग केली. साठा जवळजवळ 15 कोटी लिटरचा, म्हणजे आमच्या 50 डब्यांच्या गाडीच्या साठेक खेपा. मी हे अम्मीला सांगितलं. आपण आत्ता ज्या हिरवळीवर बसलोय तिच्याखाली पाणी आहे, लोकांच्या प्यायचं. ती चटकन उठली आणि तिनं चपला काढून हातात घेतल्या.

‘या अल्ला, पीने के पानी पे चप्पल लेके बैठे क्या अपन?’

मी समजावलं, की मध्ये माती आहे, मजबूत छत आहे. तिनं ऐकून घेतलं. चपला मात्र फाटकाबाहेर येईपर्यंत हातातच राहिल्या. आजूबाजूची मंडळी बघत होती. मला वाटतं, त्या दिवशी त्या बागेत जमिनीखाली काय आहे याची जाणीव ठेवून चालणारी ती एकटीच होती.

मुंबईला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. त्या पाण्याचा हिशेब मोठा आहे. ते ठाणे-नाशिककडच्या तलावांतून येतं आणि तलावांच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात. पण मुंबईकरांची एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटते. 2023 साली महापालिकेनं हा जुना जलाशय पाडून नवा बांधायचा बेत केला, तेव्हा तीनशेहून अधिक झाडं आणि बागेचा मोठा तुकडा जाणार म्हणून तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. तज्ज्ञांच्या पाहण्या झाल्या आणि पुढं तो बेत मागं पडून दुरुस्तीवर भागलं. तिथले लोक श्रीमंत आहेत, त्यांचं ऐकलं जातं, हे खरंच. तरीही बसायच्या जागेसाठी भांडता येतं, ती चैन नसते, हे आमच्याकडे अजून कुणाच्या डोक्यात येत नाही. आम्ही पाण्यासाठी भांडतो, खतासाठी भांडतो, रेल्वेसाठी भांडतो. बागेसाठी भांडणारा आमच्याकडे रिकामटेकडा ठरतो.

टेकडीवरून खाली उतरून आम्ही मरीन ड्राइव्हला आलो. हा साडेतीन किलोमीटरचा कट्टा माणसानं समुद्र मागं सारून मिळवलेल्या जमिनीवर आहे; भरावाचं काम 1920 च्या दशकातलं. रस्त्याला नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव आहे, पलीकडच्या गोलाकार गच्च्यांच्या इमारती 2018 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. माझ्या मते तिथं सगळ्यात मोलाचा आहे तो कट्टा. गुडघ्याएवढ्या उंचीचा, रुंद, तिकीट नसलेला. खाली चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे लाटांचा मार खातात आणि वर माणसं शेंगदाणे खातात. शेजारी बसलेला करोडपती आहे की गोदीतला हमाल, हे पाठीवरून कळत नाही, आणि इथं तर सगळ्यांच्या पाठीच दिसतात, कारण तोंडं पाण्याकडे. तुम्ही कोण, कुठले, कुणाला भेटायला आलात, असं कुणी विचारत नाही. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला हे न विचारणं किती सुखाचं असतं ते सांगायला वेगळं भाषण लागेल.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मला वाटलं समुद्र बघतेय. मग म्हणाली, ‘औरतां के हातां खाली हैं, देख.’ खरंच होतं. ओळीनं बायका बसल्या होत्या. बुरख्यातल्या चौघी एकाच पुड्यातली भेळ खात होत्या, बरोबर पुरुष नव्हता. दोन म्हाताऱ्या, बहुधा गुजराती, एकमेकींशी एक शब्दही न बोलता बसलेल्या. कॉलेजच्या मुली. एकीच्याही कडेवर मूल नाही, हातात पिशवी नाही, विणकाम नाही. अम्मीला स्वतःचे हात कुठं ठेवावेत ते कळेना. आधी तिनं ते पदरात घेतले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग तस्बीह काढली आणि परत ठेवून दिली. शेवटी दोन्ही तळवे कट्ट्याच्या दगडावर टेकवून बसली. काळोख पडला तरी ‘चल’ म्हणाली नाही.

रिपोर्ट चांगले आले. ती नंतर चार वर्षं होती. त्या काळात शेजारणींना मुंबईबद्दल सांगताना तिनं ना बूट सांगितला, ना लोकल. ‘वहाँ औरतां खाली बैठतियाँ,’ एवढंच सांगायची.

मुंबईतले मुसलमान बासी ईदेला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, बालबच्च्यांसह समुद्रावर लोटतात. आदल्या दिवशी चुलीपुढं राबलेल्या बायकांची ईद खरी त्या दिवशी असते. आमच्याकडे तो दिवस कुठं काढायचा, हा प्रश्न पडतो. लातूरला नाना-नानी पार्क आहे. तिथं संध्याकाळी पेन्शनरांचे गट रंगतात, मुलं घसरगुंडीवर असतात. पण एकटी बाई, कारण नसताना, बाकावर अर्धा तास बसलेली मी क्वचितच पाहिली. बसलीच, तर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी बसते. मधूनमधून रस्त्याकडे पाहते, बघणाऱ्यांना कारण दिसावं म्हणून.

नांदेडचं नशीब त्या मानानं थोर. मी आता नांदेडला राहतो आणि गोदावरी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. इथं घागरीचाही मान वेगळा आहे. रोज पहाटेच्या अंधारात गोदावरीचं पाणी घागरीत भरून सचखंड गुरुद्वाऱ्यात तख्ताच्या सेवेसाठी नेलं जातं. 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं शहराला पैसा आला, घाट बांधले गेले, दिवे लागले. पंजाबहून आलेले यात्रेकरू नगीना घाटावर पाण्यात पाय सोडून तासन् तास बसतात. त्यांच्या बायका, पोरी, म्हातारी माणसं, सगळे. गावातली बाई घाटावर येते ती अस्थी घेऊन, नाही तर निर्माल्य घेऊन. पाण्यात नाल्यांचा वास मिसळलेला असतो, हे एक कारण आहेच. पण यात्रेकरूंना तोच वास येतो आणि तरी ते बसतात.

आणि आमच्याकडे समुद्र नाही, हे तरी कुठं खरं आहे? नांदेड जिल्ह्यातच कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव आहे आणि त्याचं नाव जगत्तुंग समुद्र. हजारएक वर्षांपूर्वी पाणी अडवून ज्यांनी तलाव बांधला, त्यांना त्याला तलाव म्हणवलं नाही. कंधारला किल्ला आहे, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे, त्यामुळं जाणं-येणं असतं. गेल्या बासी ईदेला आम्ही घरची सगळी तिकडं गेलो. बायकोनं डबे घेतले होते, पाण्याच्या बाटल्या घेतल्या होत्या, अंथरायला सतरंजी घेतली होती. तिनं सतरंजी पसरली, सगळ्यांना वाढलं, डबे आवरले. मग मुलीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला पाण्याकडे तोंड करून बसवलं. दहाएक मिनिटांनी बायकोनं मागं वळून विचारलं, आता काय करायचं?

मुलगी म्हणाली, ‘काही नाही, अम्मी. बस नुसती.’