टॅपेट आपणच कसायचा की मिस्त्री बोलवायचा?

आमच्या बचत गटाची डाळमिल लाइट गेली की डिझेल इंजिनावर चालते. ऐन तुरीच्या हंगामात इंजिन टकटक करू लागलं. अकोल्याचे मिस्त्रीभाऊ दोन दिवस येणार नव्हते. आम्हीच टॅपेट कसला. आवाज थांबला, आम्ही खूश! दुसऱ्या दिवशी इंजिन सुरूच होईना.

मिस्त्रीभाऊंनी चूक दाखवली. टॅपेट ढिला असला की वाजतो. जास्त कसला तर वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. दाब निसटतो, व्हॉल्व्ह जळतो.

आता अमरावतीहून फिलर गेज आणली आहे. इंजिन थंड होऊ देतो. फ्लायव्हील हातानं फिरवून, दाबाच्या फेरीत पिस्टन अगदी वर आणतो. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या मापाची पट्टी किंचित अडखळत सरकली की नट कसतो आणि पुन्हा मोजतो.

मग पैसे कधी मोजायचे? माप बरोबर असूनही हँडल मारताना दाब लागत नसेल, तर हेड खोलून पाहावं लागतं. ते काम मिस्त्रीचंच. माप घेणं मात्र आपल्याला जमतं. फक्त नुसत्या कानाच्या भरवशावर पाना फिरवू नका.