विमानाची कल्हई

जुहूचा विमानतळ समुद्रकांठीं आहे. तेथें १९२८ सालीं सुरू झालेल्या मुंबई फ्लाइंग क्लबानें पुढें आपलें वैमानिकशिक्षण धुळ्यास हलविलें. जळगांवचा विमानतळ २०१२ सालीं खुला झाला, आणि कालांतरानें तेथेंही शिकाऊ वैमानिकांचीं लहान विमानें उडूं लागलीं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून खानदेश दूर. तेव्हां तेथें विमानास गंजाचें भय कसलें, असा प्रश्न सहज मनांत येईल.

या प्रश्नाचें उत्तर स्वयंपाकघरांतून आरंभ केल्यास लवकर उमगतें. पितळेच्या भांड्यास कल्हई नसली कीं आंबट पदार्थ कळकतो. विमानाच्या पत्र्याची गोष्ट कांहींशी अशीच आहे. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतें. त्यांत थोडें तांबें मिसळलें कीं तें बळकट होतें, परंतु गंजास लवकर बळी पडतें. म्हणून अशा पुष्कळ पत्र्यांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवितात व वर रंग देतात. हीच विमानाची कल्हई. ती ओरखड्यानें फुटली, किंवा पोलादी स्क्रू व पत्रा यांच्यामध्यें ओल मुरली, कीं झीज सुरू होते. लोखंडाचा गंज तांबडा, डोळ्यांत भरणारा. हा गंज पांढरा, चुन्याच्या भुकटीसारखा, आणि पुष्कळदां सांध्याच्या आंत लपलेला.

खानदेशांत ही ओल राखण्याचें काम धूळ करते. उन्हाळ्यांत काळ्या जमिनीची धूळ फटींत व बिजागऱ्यांत जाऊन बसते. मृगाचा पाऊस पडला कीं तीच ओल्या फडक्यासारखी पाणी धरून ठेवते. पाणी निथळण्यासाठीं ठेवलेलीं बारीक छिद्रें चिखलानें बुजलीं, तर तें आंतच सांचतें. म्हणून विमान वेळोवेळीं गोड्या पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावें लागतें. घरच्या भांड्यांची चिंच आणि राख येथें चालत नाहीं. आम्ल थर खातें, राख ओरखडे पाडते. धुतल्यावर फटी कोरड्या करून बिजागऱ्यांना पुन्हां वंगण द्यावें लागतें.

या कामांत हयगय झाली तर काय होतें, हें २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांवर दिसून आलें. अलोहा कंपनीच्या बोइंग विमानाचें सुमारें अठरा फूट लांबीचें छप्पर आकाशांतच उडून गेलें व एक सेविका प्राणास मुकली. सांध्यांतील गंज आणि वारंवारच्या ताणानें थकलेली धातु, हीं त्याचीं कारणें ठरलीं.

परंतु नुसतें धुणें म्हणजे रक्षण नव्हे. २ ऑक्टोबर १९९६ रोजीं पेरू देशांतील लिमा येथून निघालेल्या विमानाचीं हवेचा दाब मोजणारीं छिद्रें धुतांना चिकटपट्टीनें झांकलीं होतीं. ती पट्टी काढावयाची राहिली. उंची व वेग दाखविणारीं यंत्रें खोटें सांगूं लागलीं, आणि रात्रीच्या अंधारांत विमान समुद्रांत कोसळून सत्तरही जीव गेले.

यास्तव धुळ्याचा वा जळगांवचा विद्यार्थी उड्डाणापूर्वीं विमानाभोंवतीं एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो. पत्र्यावरून हात फिरवितो, सांधे न्याहाळतो, छिद्रें मोकळीं आहेत कीं नाहींत तें पाहतो, आणि झांकणें स्वतःच्या हातानें काढतो. फडकें फिरविणारा कामगार दुसरा असतो. त्याच्या कामावर आपला जीव सोंपविणारा हा विद्यार्थी. दोघांची गांठ क्वचितच पडत असेल, पण एकाची दक्षता दुसऱ्यास सुखरूप घरीं आणते.