पाळणा आणि पगारपत्रक



घरांत पाळणा हलूं लागला, कीं खर्चाची वही जाड होते. पगारपत्रक मात्र तसेंच राहतें. वैजापुरांतील एखाद्या अनुभवी शिक्षकाचें घर डोळ्यांपुढें आणा. थोरली शाळेंत जाते, धाकटा नुकताच जन्मला आहे. वार्षिक वेतन 14,00,000 रुपये. पत्नी विचारतात, "कुटुंब वाढलें, आतां तरी पगारांतून कर कमी कापतील ना?"

1950 सालीं भारतीय प्राप्तिकराचा कायदा हैदराबाद राज्यास, म्हणजे पर्यायानें वैजापुरासहि, लागू झाला. 1955 च्या अंदाजपत्रकांत चिंतामणराव देशमुखांनीं विवाहितांची करमुक्त मर्यादा अविवाहितांहून वाढविली. आजच्या कोष्टकांत असा भेद उरलेला नाहीं. मूल झालें म्हणून कर आपोआप उतरत नाहीं; तो उतरवावयाचा तर हिशेबच करावा लागतो.

2025–26 चा हिशेब पाहूं. जुन्या करपद्धतींत मुलांची शालेय फी, आयुर्विमा, सुकन्या समृद्धि खातें यांसाठीं एकूण 1,50,000, आरोग्यविम्याचे 25,000 आणि सरसकट 50,000 वजा होतात. उरलेल्या 11,75,000 वर उपकरासह कर 1,71,600. म्हणजे दरमहा 14,300. नव्या पद्धतींत पावत्यांना किंमत नाहीं. सरसकट 75,000 तेवढे वजा होतात. तरीहि दर हलके असल्यानें कर होतो 81,900, दरमहा 6,825! जुन्या पद्धतींत घरकर्जाचें 2,00,000 व्याज आणखी वजा केलें, तरी कर 1,11,800 च राहतो. घरभाड्याची मोठी सवलतहि जोडीस आली, तरच पारडें फिरण्याचा संभव.

मुलांच्या पावत्या जपून ठेवणारा पिता केवळ संवयीनें जुनी पद्धत लिहून देतो, आणि घरास अधिक गरज असते त्याच वर्षीं दरमहा 7,475 रुपये गमावून बसतो. पगारदारास विवरणपत्र मुदतींत भरतांना पद्धत बदलतां येते, आणि जादा कापलेली रक्कम परत मिळते, हें खरें. परंतु तान्ह्या मुलाचें दूध आणि औषध तोंवर थांबत नाहीं.

म्हणून वर्षारंभींच दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडावा व आपली निवड कार्यालयास लेखी कळवावी. कांहींच न कळविल्यास 2023–24 पासून नवी पद्धत धरली जाते. बँकेच्या व्याजासारखें अन्य उत्पन्नहि सांगावें. तें लपविल्यास विवरणपत्र भरतांना कराची बाकी अंगावर येते. जुनी पद्धत निवडली असल्यास पुरावे वेळेवर द्यावे. नाहींतर तूट भरून काढण्यासाठीं फेब्रुवारी-मार्चच्या पगारांतून मोठी कपात होते.

बारशाची यादी करतां, त्याच संध्याकाळीं हा एक कागदहि पतिपत्नींनीं मिळून लिहावा, एवढीच विनंति.